ठिणगीचं बळ उतरवताना

ठिणगीला बडवायचं ठरलं त्या बैठकीत मी होते. नुसती होते असं नाही, किती बडवायचं हेही मीच ठरवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी माझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल बोलणार आहे, आणि ते ऐकताना मी कुणी धुतल्या तांदळासारखी आहे असा समज व्हायला नको.

आमचं ऑफिस म्हणजे एका छापखान्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. खाली मशीन सुरू झालं की वर कपातला चहा थरथरतो. तिथे आम्ही दर महिन्याला सुपरहिरोंचं चोवीस पानी कॉमिक काढतो. संपादक, लेखक, चित्रकार आणि मी, एवढीच माणसं. मी रंग भरते आणि बळाचा तक्ता सांभाळते. तक्ता म्हणजे भिंतीवरचा एक लांबलचक कागद. त्यावर आमच्या सगळ्या हिरोंची आणि खलनायकांची नावं, आणि प्रत्येकापुढे शंभरपैकी त्याचं बळ किती तो आकडा. आकडे पेन्सिलीने लिहिलेले आहेत, पण मला विचारल्याशिवाय त्या भिंतीजवळ खोडरबर न्यायचं नाही. संपादकांनीही नाही.

हसू नका. तक्ता नसता तर वाचकांनी आम्हाला सोलून काढलं असतं. कमी बळाचा हिरो जास्त बळाच्याला हरवू शकत नाही, हा आमचा पहिला नियम. शिवाय बळांची बेरीज होत नाही. चाळीसवाले दोघे एकत्र आले म्हणून ऐंशी होत नाहीत, ते चाळीस-चाळीसच राहतात आणि साठवाला दोघांनाही झोडपतो. एकदा लेखकाने अकरा किरकोळ हिरो जमवून कातळ्या नावाच्या आमच्या सगळ्यात मोठ्या राक्षसाला लोळवलं होतं, तर महिनाभर पत्रांतून शिव्या येत होत्या. तेव्हापासून बेरीज बंद. आणि एकदा दिलेलं बळ गुपचूप खोडून कमी करता येत नाही. ते उतरवायचं असेल तर त्या हिरोने पानावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मार खायला हवा.

वाचकांचं दुसरं वेड म्हणजे जोड्या. ठिणगी ही आमची लाडकी. तळहातातून आग फेकते, तोंडाने फटकळ, बळ पंच्याण्णव. तिचं लग्न कुणाशी व्हावं यावरून वाचकांत उभी फूट. अर्धे म्हणायचे पहाडशी. तो डोंगरासारखा आडवा-उभा, बळ एक्क्याण्णव. उरलेल्यांना धुकं हवा होता. हा एक लाजाळू माणूस, विरघळून भिंतीतून पलीकडे जातो, पण मारामारीत काडीचा उपयोग नाही, बळ एक्केचाळीस. मी धुक्याच्या बाजूची. आमच्या सगळ्या अंकांत ठिणगीला 'तुझा हात भाजला का?' असं विचारणारा तो एकटाच होता.

दोनशेव्या अंकात लग्न लावायचं असं संपादकांनी ठरवलं, आणि आपला स्वतःचा नियम पुन्हा ऐकवला. जोडीतल्या बाईचं बळ पुरुषापेक्षा निदान पाचने कमी हवं.

"मग धुक्याचा विषयच संपला," ते म्हणाले. "त्याच्यासाठी हिला छत्तिसावर आणायचं म्हणजे ती जिवंत तरी राहील का?"

"नियम बदला ना."

"आणि वाचक नवऱ्याला हसले म्हणजे?"

चित्रकार खिडकीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "पहाडच बरा. बाई बाहेर कितीही आग ओकू दे, घरात एकाचाच आवाज चालतो." सगळे हसले. मीही हसले, सवयीने.

मग मी कागद ओढला. ठिणगीला शहाऐंशीवर आणायचं, म्हणजे नऊ उतरवायचे. बरगड्या मोडल्या की दोन. खांदा निखळला की दोन. डोकं फुटलं की दोन. शत्रूपुढे गुडघे टेकले की तीन, कारण ते सगळ्यात वाईट दिसतं. शेवटच्या पानावर कातळ्या तिला कड्यावरून ढकलतो आणि पहाड तिला झेलतो, असं लेखकाने पुढे जोडलं. बसल्या बैठकीत आम्ही एका बाईची हाडं वाटून घेतली आणि चहा प्यायलो.

हा चित्रकार म्हणजेच माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. ही जोडी मीच जमवली. आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती आणि मी एकोणीसची. तिची वेणी मी घातली, तिच्या शाळेत मी गेले, तिला ताप आला की मी जागले. मोठी झाली तरी ती काडीसारखीच राहिली. वारा आला तर उडेल असं मला वाटायचं. हा चित्रकार तरुणपणी मुष्टियुद्ध खेळलेला होता, छापखान्यातला कागदाचा गठ्ठा एकटा उचलून वर आणायचा. मला वाटलं, हिला सांभाळायला असाच बळकट माणूस हवा. मारामारीच्या चित्रांसाठी त्याला कुणीतरी समोर उभं राहायला हवं असायचं, म्हणून मी धाकटीला ऑफिसात घेऊन गेले. हात वर करून, मान वळवून ती तासन्तास उभी राहायची आणि हसायची. सहा महिन्यांत लग्न झालं.

दोन वर्षांनी तिच्या दंडावर मला चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे डाग दिसले. ती म्हणाली, दारात हात सापडला. दाराला अंगठा नसतो हे मला कळत होतं. नंतर कपाट लागलं, नळ लागला, ओल्या फरशीवर पाय घसरला. दर वेळी मी 'जपून गं' म्हणाले आणि मूग गिळून गप्प बसले. तीन वर्षं.

का गप्प बसले तेही सांगते. मी घरी जाऊन मनातल्या मनात तक्ता मांडला होता. त्याला साठ दिले. धाकटीला बावीस. स्वतःला चौतीस. बावीस आणि चौतीस मिळून छप्पन होत नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला पाठ होतं? मी तिथे गेले तर तो आधी मला आडवी करेल, आणि मी गेल्यावर तिला दुप्पट मारेल. मग मी काय केलं, तर डंबेल्स आणले. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी आरशासमोर उभी राहून उचलायचे. चाळिशी उलटलेली बाई, पायात घरातल्या सपाता, आणि दात-ओठ खात डंबेल्स उचलते आहे. तीन वर्षांत मी स्वतःला अठ्ठेचाळीसवर आणलं. अजून बारा बाकी होते. साठ झाले की जायचं असं माझं ठरलं होतं. आज सांगतानासुद्धा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दोनशेव्या अंकाची पानं यायला लागली. पहिली आठ नेहमीसारखीच होती. कातळ्याची मूठ, ठिणगीच्या तळहातातला जाळ, कोसळणारी दरड. ठिणगी त्याचा एक डोळा जाळते तेव्हा मी भडक नारिंगी रंग ओतला आणि बरं वाटलं. नवव्या पानापासून काहीतरी बदललं. मारामारी दगडाच्या खाणीत होती, पण ठिणगीचा गाल ज्या खडकावर दाबला होता तो बरोबर कमरेइतक्या उंचीचा होता, आणि त्याची कड वॉशबेसिनसारखी गोल होती. मानेमागून तिचे केस मुठीत धरले होते. ती मूठ राक्षसाची नव्हती, माणसाची होती. अकराव्या पानावर तिची भुवई फाटली. चौदाव्यावर ती फाटलेली भुवई तीन टाके घातलेली दिसली. लढाई चालू असताना टाके घालायला कोण आलं होतं?

आणि समासात निळ्या पेन्सिलीने माझ्यासाठी सूचना होत्या. चौदा वर्षांत त्याने मला कधी रंग सांगितला नव्हता. 'कानामागे: चौथ्या दिवसाचा डाग. मध्ये जांभळा, कडेला हिरवट, मग पिवळा.' 'उजव्या डोळ्यात रक्त: फक्त बाहेरच्या बाजूला, बुबुळाला लागून.' 'गळा: डाग एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला चार.' कॉमिकमधला मुका मार सरसकट निळा असतो. आम्ही निळा भरतो, वाचक निळा बघतात, कुणाचं काही अडत नाही. चौथ्या दिवशी डाग कडेने हिरवा होतो हे बघायला चार दिवस रोज बघावं लागतं.

ठिणगीचा चेहरा त्याने ठिणगीचाच ठेवला होता. कान मात्र धाकटीचा होता. तिच्या डाव्या कानाची पाळी जन्मापासून खाली चिरल्यासारखी आहे. लहानपणी झोपताना मी त्या पाळीवरून बोट फिरवायचे. तो कान सतराव्या पानावर होता, आणि त्यातून रक्त गळत होतं, आणि ते रक्त मला भरायचं होतं.

मी ते भरलं. हेही लपवत नाही. तांबडा भरला, त्याच्यावर गडद तांबडा भरला. मग ब्रश धुतला आणि अठरावं पान घेतलं. त्या पानावर ती गुडघे टेकून बसली होती.

शुक्रवारी दुपारी तेवीस पानं तयार होती आणि चोविसावं आलं नव्हतं. संपादकांनी फोन लावला आणि कामात हात गुंतलेला म्हणून स्पीकरवर ठेवला.

"शेवटचं पान अडलंय," चित्रकाराचा आवाज आला. "पडताना अंग कसं वळतं ते बसत नाही. ही घाबरते आणि आधीच हात टेकते. म्हणून आता हात मागे बांधून जिन्यावर करून बघतो."

"करा काय ते, पण संध्याकाळपर्यंत पान टेबलावर हवं," संपादक म्हणाले आणि फोन ठेवला. मग मला विचारलं, "चहा सांगू का?"

त्यांनीही ऐकलं होतं. लेखकानेही ऐकलं होतं. 'ही' म्हणजे कोण, जिना म्हणजे कुठला, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडे बायका पडतातच. मी टेबलावरची तीन फुटी लोखंडी पट्टी उचलली आणि निघाले. मागून संपादक विचारत होते, पट्टी कुठे नेतेस.

धाकटीचं घर बारा मिनिटांवर. वाटेत माझी पाचावर धारण बसली होती. अठ्ठेचाळीस आणि साठ, हेच डोक्यात. मी हरणार हे मला ठाऊक होतं. पण हात बांधून जिन्यावरून खाली आलेल्या माणसाची मान राहत नाही, हे त्याहून जास्त ठाऊक होतं.

तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी धाकटी एका स्टुलावर उभी होती, जिन्याकडे पाठ करून. खांद्यांना ठिणगीसारखी लाल चादर बांधलेली. हात मागे नेलेले, पण अजून बांधलेले नव्हते. तो तिच्या मागे दोरी मोकळी करत होता. खाली, जिना वळतो तिथे फरशीवर एक उशी ठेवलेली होती. एकच.

"अरे, ताई! या," तो मनापासून म्हणाला. "बरं झालं आलात. खालीच थांबा आणि हिचं डोकं कुठे आपटतं ते तेवढं बघा."

"तिला खाली उतरू द्या."

"पाच मिनिटांचं काम आहे हो."

"ताई, तू जा," धाकटी मान न वळवता म्हणाली. ओठ सुजल्यामुळे तिचे शब्द घरंगळत होते. "काही नाही गं. नुसती पोझ आहे."

मी वर चढले. तो तिचं मनगट धरून दोरीचा फास टाकत होता. मी पट्टी दोन्ही हातांनी उगारली आणि त्याच्या हातावर घातली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी उघडली. तो त्या रक्ताकडे बघतच राहिला, अंगातून असंही काही निघतं हे नव्याने कळल्यासारखा.

"उतर खाली!" मी धाकटीला ओरडले. ती उतरली, आणि माझ्याच अंगावर आली.

"ताई, नको! हाताला नको! त्यांचा चित्र काढायचा हात आहे!" ती माझ्या दंडाला लटकली. पट्टी सुटली आणि खणखणत जिन्यावरून खाली गेली.

मग त्याने मला मारलं.

पहिला ठोसा गालाच्या हाडावर बसला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. दुसरा पोटात, आणि मी श्वास घ्यायला तोंड उघडलं तेव्हा तिसरा जबड्यावर. दात तुटला ते जिभेला कळलं. तीन वर्षं डंबेल्स उचललेले माझे हात वरसुद्धा आले नाहीत. मी कठड्यावर आपटले, तिथून भिंतीवर, तिथून फरशीवर. मग लाथ. बरगडी मोडल्याचा आवाज मी कित्येकदा पिवळ्या-लाल अक्षरांत रंगवला आहे, 'कडाड्' असा मोठा. तसा तो नसतो. ओली फांदी मोडावी तसा अंगातल्या अंगात बारीक येतो, आणि मग ओरडायलाही हवा उरत नाही. त्याने माझे केस धरले आणि डोकं फरशीवर आपटलं. एकदा. पुन्हा. तो चिडलेलासुद्धा नव्हता. काम उरकत होता.

"ताईला सोडा," धाकटी म्हणाली.

त्याने ऐकलं नाही. माझं डोकं तिसऱ्यांदा वर उचललं गेलं.

"ए! सोड तिला!"

हा आवाज मी ओळखला नाही. पाच वर्षांत तिने त्याला अरे-तुरे केल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्यानेही नसावं, कारण तो वळला. स्टूल त्याच्या कानशिलावर बसलं. भरीव लाकडी स्टूल, आणि ते त्या काडीसारख्या पोरीने दोन्ही हातांनी डोक्यावरून आणलं होतं. तो एका गुडघ्यावर आला. त्याने हात आडवा धरला, तर दुसरा घाव मनगटावर, आणि मनगट नको त्या बाजूला वाकलं. तो किंचाळला. तिसरा तोंडावर. नाक फुटून रक्त माझ्या चेहऱ्यावर उडालं. ते गरम असतं. तो उठायला गेला, त्याचा पाय तिच्या लाल चादरीच्या लोळत्या टोकात अडकला आणि तो मागच्या मागे जिन्यावरून गेला, पायरीवर पाठ, पायरीवर खांदा, खालच्या भिंतीवर डोकं.

मला वाटलं, संपलं. तर धाकटी त्याच्यामागे खाली उतरली. स्टुलाचा एक पाय निखळून तिच्या हातात राहिला होता. ती शांतपणे, एकेक पायरी उतरून गेली आणि त्याला झोडपायला लागली. मांडीवर, पाठीवर, पोटऱ्यांवर. तो अंगाचं मुटकुळं करून 'नको, नको' म्हणत होता, तिला लाडाच्या नावाने हाका मारत होता, आणि प्रत्येक हाकेला एक घाव पडत होता. "ताईला मारतोस? ताईला?" ती एवढंच म्हणत होती. स्वतःचं नाव तिने एकदाही घेतलं नाही.

मी वरून सरपटत कठड्याशी गेले आणि सगळा जीव गोळा करून म्हणाले, "पुरे. मरेल तो." तेव्हा कुठे ती थांबली, आणि हातातल्या लाकडाकडे बघत त्याच पायरीवर बसली. खालच्या मजल्यावरची दारं उघडली. पाच वर्षं जी दारं उघडली नव्हती ती सगळी एकदम उघडली.

तो मेला नाही. मनगट आणि दोन दात गेले, बाकी जागेवर आहे. पोलीस आले, त्याला एका गाडीतून नेलं, आम्हा दोघींना दुसऱ्या गाडीतून दवाखान्यात. माझ्या फोनवर संपादकांचे सहा फोन येऊन गेले होते.

दवाखान्यात आम्हाला एकाच बाकावर बसवलं. माझ्या छातीला पट्टा आवळला, डोक्याला टाके घातले. मग डॉक्टरबाईंनी धाकटीच्या अंगावरची चादर सोडवली. पाठीवर, दंडांवर, कमरेवर, सगळ्या दिवसांचे रंग एकाच वेळी होते. मी ते ओळखत होते. एक पहिल्या दिवसाचा, एक चौथ्याचा, एक दहा दिवसांचा, जवळजवळ गेलेला. पोलीसबाई वही घेऊन उभी होती.

"हे किती दिवसांपासून चालू आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

धाकटी खाली मान घालून बसली होती. तिला सांगता येत नाही असं मला वाटलं. म्हणून मी सांगितलं.

"तीन वर्षं झाली."

धाकटीने मान वर केली. तिचा एक डोळा पुरता बंद होता. दुसऱ्याने ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

पोलीसबाईची पेन्सिल थांबली. मी बोलत सुटले. मला वाटलं मी त्याला पुरी पडणार नाही, असं काहीतरी. मी तयारी करत होते, रोज सकाळी करत होते, आणखी थोडीच राहिली होती. बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं आणि लाजेने अंग जळायला लागलं. तीन वर्षं मी जिंकायची वाट बघत बसले होते, आणि आज जाऊन नुसता मार खाल्ला तर एवढ्यात सगळं झालं होतं. पहिल्याच दिवशी, दंडावरची ती पाच बोटं बघितली त्या दिवशी, मी जाऊन मार खाल्ला असता तर?

तिने माझं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मला वाटायचं तुला काहीच माहीत नाही," ती सावकाश म्हणाली. सुजलेल्या ओठांनी एकेक शब्द नीट जुळवत होती. "कपाट म्हणायचे, नळ म्हणायचे, आणि तुला ते खरं वाटतंय म्हणून मला बरं वाटायचं. कारण तुला कळलं तर तू त्याच क्षणी धावत येशील आणि तो तुलाही मारेल. म्हणून लपवत होते गं, ताई."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो सोडवला नाही, पण धरलाही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता हिला नीट तपासायचं आहे, तुम्ही बाहेर थांबा. मी बाकावरून उठले आणि बाहेर जाऊन थांबले.